नवरदेव पायी आला

दादाचा फेटा धुळीत पडला तेव्हा अकरा वाजून वीस मिनिटं झाली होती, आणि लग्नाचा मुहूर्त होता बारा पाचचा.

"हाण त्याला, दादा!" मी गाडीतूनच किंचाळले. "बघत काय उभा राहिलास?"

ज्यानं दादाच्या थोबाडीत मारली तो कोण, कुठला, आम्हाला कुणालाच ठाऊक नव्हतं. पांढरे कपडे, गळ्यात जाड साखळी, तोंडात पान. आपली नवीकोरी जीप चहाच्या टपरीसमोर रस्त्यात आडवी लावून स्वारी बाकड्यावर चहा पीत बसली होती. आमची भाड्याची अँबॅसिडर तिथं येऊन अडकली. गाडीत पुढे ड्रायव्हर आणि आमचे बाजीमामा, मागे नवरदेव म्हणून दादा आणि करवली म्हणून मी. आमच्या मागे आणखी एक जीप, तिच्यात मामांच्या मर्जीतले पाच जण. बायका आणि बाकीचं वऱ्हाड ट्रकनं सकाळीच पुढे गेलं होतं.

"भाऊ, जरा गाडी बाजूला घ्या, मुहूर्त चुकतोय," एवढं बोलायला काय पैसे पडत होते? पण बाजीमामा म्हणजे आईचे थोरले भाऊ. मिशीला पीळ, आवाजाला पीळ, बाकी सगळा कारभार ढिला. घरात पाण्याचा तांब्या स्वतःच्या हातानं कधी घेतला नसेल, पण रस्त्यावर उतरले की हे रणांगणात उतरले.

"ए!" मामा खाली उतरता उतरता ओरडले. "रस्ता काय तुझ्या बापानं बांधलाय का?"

"आजोबानं," तो माणूस म्हणाला आणि बशीत चहा ओतून घेतला.

झालं. मामांनी त्याची बशी उडवली. त्यानं मामांची कॉलर धरली. मागच्या जीपमधले पाचही जण बाह्या सारत उतरले. जन्मभर याच क्षणाची वाट बघत असल्यासारखे चेहरे होते एकेकाचे. तेव्हा दादा उतरला. कपाळाला मुंडावळ्या, अंगभर हळद आणि हातात रिवाजाप्रमाणे कट्यार, तिच्या टोकाला खोचलेलं लिंबू. तो मधे पडला, हात जोडायला गेला, तर हातात कट्यारच.

"मला सुरी दाखवतोस होय रे?" असं म्हणून त्या माणसानं फाडकन ठेवून दिली.

टपरीवाला हातातलं गाळणं तसंच धरून उभा राहिला. सहा जण आमच्या बाजूचे, समोर एकटा तो, आणि सगळ्यांचं लक्ष दादाकडे.

आमचा दादा म्हणजे काही वाऱ्यानं उडणारा माणूस नव्हता. जनावरांच्या दवाखान्यात तो नोकरीला होता. बिथरलेला खोंड चार जणांना आवरायचा नाही तो हा एकटा शिंगं धरून आडवा पाडायचा. त्या पांढऱ्या कपड्यातल्या ढोल्याचं त्याच्यापुढे काय चाललं असतं? एक लगावली असती तर पानासकट दात बाहेर आले असते.

दादानं वाकून फेटा उचलला, झटकला, डोक्यावर ठेवला आणि टपरीवाल्याला विचारलं, "हिंगणवाडी किती लांब हो इथून?"

"असंल की तीन किलोमीटर," टपरीवाला चाचरत म्हणाला. "ओढ्यातनं गेलासा तर कमी पडंल."

"बरं," दादा म्हणाला आणि चालायला लागला.

मला वाटलं, दगड आणायला निघाला असेल. पण हा आपला सरळ चाललाय.

"दिनकर!" मामा गरजले. "माघारी फिर! अरे बायल्या, मामाला सोडून पळतोस?"

दादानं मागं वळूनही बघितलं नाही. आता माझी पंचाईत. करवलीनं नवरदेवाची पाठ सोडायची नाही, हळदीच्या अंगानं त्याला एकट्याला कुठं जाऊ द्यायचं नाही, असं आईनं मला दहा वेळा बजावलं होतं. मी करा सांभाळत गाडीतून उतरले. नाकात नथ, अंगावर शालू, हातात नारळ ठेवलेला पाण्याचा करा, आणि पुढे चालणाऱ्या भावाची इतकी शरम वाटत होती की विचारू नका. मागून त्या माणसाचं हसणं ऐकू आलं. त्याच्यापाठोपाठ काहीतरी आपटल्याचा आवाज आला आणि मामांची शिवी.

ओढ्याची उतरण लागली आणि माझं तोंड सुटलं.

"लाज नाही वाटत तुला?"

"पाय उचल, मंदे."

"मामा एकटे आहेत तिथं!"

"एकटे कुठं? सहा जण आहेत. एकटा तो आहे."

"मग तर झालंच की! एकटा होता तर मारायला काय धाड भरली होती? आणि तुझ्या हातात कट्यार होती, कट्यार!"

"होती म्हणूनच निघालो," दादा म्हणाला. त्याचा डावा गाल लालबुंद झाला होता. पाच बोटं मोजता आली असती. "करा नीट धर, पाणी सांडतंय."

"सांडू दे! उद्या गावात तोंड कसं दाखवायचं आम्ही?"

"उद्याचं उद्या बघू. आत्ता किती वाजले असतील?"

त्याला वेळेची पडली होती, आणि ती का पडली होती हे मलाही माहीत होतं. कुमुद, म्हणजे होणारी वहिनी, एकदा मांडवात बसून उठलेली मुलगी होती. दोन वर्षांपूर्वी तिचं लग्न ठरलं, हळद लागली, जेवणाचे हंडे चढले, आणि नवरा आलाच नाही. का आला नाही हे तिच्या घरचे धड सांगत नव्हते. 'वाटेत काहीतरी झालं' एवढंच म्हणायचे. लोकांनी त्यांच्या परीनं उत्तर शोधलं आणि पोरीला पांढऱ्या पायाची ठरवून मोकळे झाले. दोन वर्षं कुणी तिच्या दारात पाऊल ठेवलं नाही. दादानं होकार दिला तेव्हा मामांनीच नाक मुरडलं होतं. आज दुसऱ्यांदा मुहूर्त टळला असता तर त्या मुलीला पुन्हा कुणी हळद लावली नसती.

"तिला परत ताटकळत ठेवायची नाही," दादा म्हणाला. "बाकी काय बोलायचं ते बोल."

मग मी बोलले. वाटभर बोलले. भित्रा म्हटलं, शेळपट म्हटलं, बाबा असते तर त्यांनी तुला घरात घेतलं नसतं असंही म्हटलं. त्याच्या नव्या पायताणानं टाच सोलली, तशी त्यानं पायताणं काढून काखेत मारली आणि अनवाणी चालू लागला. शेतात भांगलणाऱ्या बाया खुरपी टाकून बांधावर आल्या.

"अगं बया! नवरदेव पायी! वरात कुठं हरवली, पावणं?"

"मागनं येतीय!" दादा हसून म्हणाला. हसला! मला तर वाटलं, करा इथंच आपटावा आणि माघारी फिरावं.

हिंगणवाडीच्या वेशीत मुलीचे वडील उभे होते. आमच्याकडचा ट्रक कधीच पोचला होता, बायका केव्हाच उतरल्या होत्या, पण नवरदेवाची गाडी नाही. त्यांच्या आजूबाजूला गावकरी उभे होते. ते सगळे रस्त्याकडे डोळे लावून होते आणि आम्ही ओढ्याच्या बाजूनं वर आलो, धुळीनं माखलेले. पहिल्यांदा त्यांनी आम्हाला ओळखलंच नाही. मग त्यांची नजर मुंडावळ्यांवर गेली.

"आले," एवढाच शब्द त्यांच्या तोंडून निघाला आणि तो साठीचा माणूस होता तिथंच मातीत बसला. दादानं त्यांना धरून उठवलं. गाडी कुठं, माणसं कुठं, गालाला काय झालं, काही म्हणजे काही विचारलं नाही त्यांनी. दादाचा हात घट्ट पकडला आणि मांडवापर्यंत सोडला नाही.

नवरदेवाच्या मागं मामानं उभं राहायचं असतं. आमचे मामा रणांगणावर! मग ट्रकच्या ड्रायव्हरलाच एक फेटा बांधला आणि मामा म्हणून उभा केला. बारा पाचला अक्षता पडल्या. अंतरपाट दूर झाला तेव्हा कुमुदनं हाराआधी दादाच्या गालाकडे बघितलं. बघतच राहिली. भटजींना दोनदा "हार घाला" म्हणावं लागलं.

बाजीमामा आले ते साडेबाराला. शर्ट फाटलेला, बाहीवर रक्त, मिशी मात्र जागच्या जागी. आल्या आल्या त्यांनी काय विचारावं?

"मामा आल्याशिवाय अक्षता टाकल्याच कशा?"

जेवणाच्या पंगतीत मामांनी युद्धाची कथा लावली. वरण-भातापर्यंत समोर एकच माणूस होता. जिलबी आली तोवर त्याचे तीन झाले. मठ्ठ्याच्या वेळी पाच जण आणि त्यातल्या एकाच्या हातात तलवार. ऐकणारे मुटुमुटू जेवत होते आणि मधूनच नवरदेवाकडे बघत होते. नवरदेव खाली मान घालून जिलबी खात होता. कुमुदच्या एका मावसबहिणीनं माझ्या कानाला लागून विचारलं, "नवरदेव पळाला म्हणे?"

मी काय सांगितलं असेल?

"हो. पळाला," मी म्हणाले. माझ्या सख्ख्या भावाबद्दल, त्याच्याच लग्नात, त्याच्याच सासरी. आज पन्नाशी उलटली, पण ते दोन शब्द आठवले की अजून स्वतःचीच किळस येते.

पाचच्या सुमारास पाठवणी झाली. पुन्हा तीच अँबॅसिडर. पुढे ड्रायव्हर आणि मामा, मागे दादा, वहिनी आणि मी. वेस ओलांडली आणि मामा मागं वळून बसले. नव्या सुनेलाही आपला पराक्रम कळायला नको का?

"सूनबाई, तुमच्या नवऱ्यानं पाठ दाखवली, पण घराण्याची अब्रू मामानं राखली बरं का! एका ठोशात आडवा केला गड्याला. पडला तो थेट टपरीच्या दगडावर. मग हूं नाही की चूं नाही!"

वहिनी दिवसभरात कुणाशी धड बोलली नव्हती. पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली होती. ते तिनं सोडलं.

"मामा, तो उठला का?"

"आं?"

"तो माणूस. पडल्यावर उठला का?"

मामा हसले. "उठतोय कशाला? बाजीरावाचा ठोसा म्हणजे..."

"तसं नाही. तुम्ही त्याला उठलेला बघितला का?"

मामांनी ड्रायव्हरकडे बघितलं. ड्रायव्हर समोर बघत म्हणाला, "मी गाडीतच होतो, ताई. त्याची जीप ढकलली बाजूला आणि निघालो. पडलेला बघितला. उठताना नाही बघितला."

"उशीर झाला होता आम्हाला," मामा म्हणाले. "लग्न होतं."

वहिनी पुढे बोलली ते अगदी हळू, पण गाडीत प्रत्येकाला ऐकू गेलं.

"मागच्या वेळी आमच्याकडे येणारं वऱ्हाडही जिंकलं होतं, मामा. गाडीला गाडी घासली म्हणून भांडण. समोर एकच माणूस होता. नवरदेवानं एकच तडाखा दिला, तो दगडावर पडला. हे सगळे खुशीत गाडीत बसले. पुढच्या नाक्यावर पोलिसांनी धरले. तो माणूस उठलाच नव्हता. त्याला दोन लहान मुली होत्या. नवरदेव अजून आत आहे."

मी दादाकडे बघितलं. त्याच्या चेहऱ्यावर नवल नव्हतं.

"तुला माहीत होतं?"

"बघायला गेलो होतो तेव्हाच सांगितलं तिनं," दादा म्हणाला. "एकच गोष्ट मागितली. वाटेत कुणी काही बोललं, काही केलं, तर ऐकून घ्या आणि या, म्हणाली."

"मग मला का नाही सांगितलंस? वाटभर मी तुला..."

"तिनं मला सांगितलं होतं, मंदे. गावाला नाही."

मला रडू फुटलं. मी बाहेर बघायला लागले, पण बाहेर काही दिसेना. तीन किलोमीटर मी त्याला काय काय बोलले आणि तो नुसता पाय उचल म्हणत राहिला.

आमच्या या पराक्रमी मामांचं आता काय झालं असेल? आधी त्यांनी बाही खाली ओढून रक्ताचा डाग झाकला. मग घसा खाकरला. मग ड्रायव्हरच्या कानाशी वाकून म्हणाले, "अरे, ह्या रस्त्यानं नको. वरच्या फाट्यानं घे."

"तिकडून तास जास्त लागेल, मामा."

"लागू दे. घाई काय आहे?"

दुपारी ज्यानं माझ्या भावाला बायल्या म्हटलं, तो हा मर्द!

"ह्याच रस्त्यानं जायचं," दादा म्हणाला. "आणि टपरीपाशी थांबायचं."

"दिनकर, वेडा झालास का? पोलीस असले तर?"

"असले तर असले. तो माणूस दवाखान्यात असेल तर बघायला जायचं. तुम्हीही यायचं."

मामा मागं वळून बसले होते ते सरळ झाले आणि सीटमध्ये इतके खाली सरकले की मागून फक्त फेट्याचा तुरा दिसत होता. वहिनीनं माझा हात धरला. तोंडातल्या तोंडात ती काहीतरी पुटपुटत होती. मी कान दिला. "उठू दे, देवा," एवढंच होतं ते. पुन्हा पुन्हा.

वळण संपलं आणि टपरी दिसली. समोर गर्दी होती. आठ-दहा माणसं, दोन सायकली. पोलीस नव्हते. ती नवीकोरी जीप मात्र बाजूला ढकलली होती तिथंच उभी होती, मालक हलवेल याची वाट बघत. ड्रायव्हरनं गाडीचा वेग कमी केला. वहिनीनं डोळे मिटून घेतले.

"मंदाताई, तुम्ही बघा," ती म्हणाली. "मला नाही बघवत."

मी काच खाली केली आणि गर्दीत डोकावले.

बाकड्याच्या मधोमध स्वारी बसली होती! डोक्याला टपरीवाल्याचा कळकट टॉवेल गुंडाळलेला, एक डोळा सुजून बंद, हातात चहाची बशी. आणि तोंड? तोंड धडधाकट होतं.

"...सहा होते का आठ?" तो आजूबाजूच्यांना सांगत होता. "आठ होते! अख्खं वऱ्हाड पळवून लावलं एकट्यानं. नवरदेव तर हातातली सुरी बघून स्वतःच भ्याला आणि सुटला ओढ्यानं, मागनं त्याची करवली! आणि तो मिशीवाला म्हातारा होता ना, त्यानं तर माझे पाय धरले. म्हटला, माफ करा, मालक!"

"वहिनी," मी म्हणाले, "उठलाय. चहा पितोय मेला. तिथं बसून थापा मारतोय."

वहिनीनं डोळे उघडले, माझ्या अंगावरून वाकून बाहेर बघितलं, आणि दोन वर्षांचं साठलेलं सगळं तिच्या तोंडून बाहेर पडलं. रडत होती का हसत होती ते तिचं तिलाच कळत नसावं. मुंडावळ्या सुटल्या, कुंकू ओघळलं, तरी थांबेना. दादानं तिच्या पाठीवर हात ठेवला. त्याचेही डोळे भरून आले होते, आणि गालावर त्या माणसाची पाच बोटं अजून होती.

आणि पुढच्या सीटवर?

पुढच्या सीटवर फेट्याचा तुरा हळूहळू वर आला. मग मिशी वर आली. मामांच्या अंगात पुन्हा वारं शिरलं.

"काय म्हणाला रे तो?" मामा गुरगुरले. "मी पाय धरले? मी? म्हातारा? थांबव गाडी! ड्रायव्हर, थांबव म्हणतो ना! बघतोच त्याच्याकडे!"

त्यांचा हात दाराच्या मुठीवर गेला. दार अर्धवट उघडलं. मी पुढं झुकून मागून त्यांचा फाटका शर्ट मुठीत धरला आणि असा हिसडा दिला की मामा परत सीटवर आदळले. उभ्या जन्मात मी त्यांच्यापुढे आवाज चढवला नव्हता.

"तो उठलाय, मामा," मी म्हणाले. "आता तुम्ही बसा."